अंतरनवीस धर्माजीपंतांच्या दोन प्रहरांची हकीकत

श्री वायुदेव प्रसन्न. दिशांस नमन, वाऱ्यास नमन, आणि सर्वांआधी वाट पाहणारांस नमन. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, पौष वद्य द्वादशी, ते दिवशी राज्यात वर्तले ते ऐसे.

धर्माजीपंत म्हणोन दरबारी अंतरनवीस होते. कोणते शहर किती कोस आणि विमानास प्रहर किती, हे वहीत लिहिणे त्यांजकडे. तीस वर्षे लिहिता लिहिता कंबर मोडली, परंतु पंत स्वतः विमानाची पायरी कधी चढले नाहीत. तों पश्चिमेकडील दूर शहरातून थोरली बहीण द्वारकाबाई यांचा निरोप आला की, "डोळे चालले रे. वैद्य म्हणतो, अमावास्येपावेतो दिसेल, पुढे अंधार. तुझं तोंड एकदा पाहू दे." पंतांचे काळीज हलले, आणि वही उघडोन पाहिली, तों अंतर बाराशे कोस, काळ प्रहर दोन. मग धीर आला. "दोन प्रहर म्हणजे काय! जेवून निघावे आणि चहास पोचावे," ऐसे बोलिले, आणि येतो म्हणोन कळविले. मग मुहूर्त पुसता जोशीबुवा बोलिले, "पंत, उद्या शुक्रवार, पश्चिमेस दिशाशूळ. आज प्रस्थान ठेवा आणि शनिवारी निघा. वाट ती केवढी!" सुपारी, धोतर आणि मूठभर तांदूळ यांचे गाठोडे मुहूर्तावर शेजाऱ्याचे ओसरीवर ठेविले म्हणजे मनुष्य निघाला, ऐसा रिवाज. त्याप्रमाणे गाठोडे निघाले, आणि पंत घरीच दोन दिवस निजले.

शनिवारी सकाळी विमानतळी दाखल जाहले. तेथे जोडा काढविला, कमरपट्टा सोडविला, बहिणीकरिता नेलेली तुपाची बरणी काढोन घेतली, आणि मग धुके पडले. विमान उठेना. पंत लोखंडी बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. रविवारी दुपारी उड्डाण जाहले, आणि मग मधल्या शहरी उतरविले की दुसरे विमान पहाटे. अमावास्या तेथील बाकावर सरली. पंत पुरते शिणले, आणि प्रथमच त्यांस आपल्या वहीची भीती वाटली. वही खोटी नव्हती. आकाशात दोनच प्रहर गेले, बाकी चवदा जमिनीवर.

सोमवारी सकाळी द्वारकाबाईंचे दारी पोचले. बाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. हात पुढे करून भावाचे तोंड चाचपिले, आणि बोलिल्या, "धर्मा, मिशी ठेवलीस होय? काल आला असतास तर दिसली असती." मग पाठीवरून हात फिरवोन पुसिले, "दमलास ना? किती वेळ लागला रे?" तीस वर्षे राज्यास हेच सांगत आले, ते पंत बाईंचे पायाशी बसोन रडले.

येणेप्रमाणे वृत्त घडले. माघारी आल्यावर पंतांनी वहीतील प्रहर खोडिले नाहीत. 'काळ प्रहर दोन' यापुढे बारीक अक्षरात इतकेच लिहिले, 'निघाल्यास.'