लिवणाऱ्याला भाऊ न्हाई

बाळूनानांच्या हनुवटीखाली डाव्या अंगाला एक बारीक वण आहे. तो माझ्या हातचा आहे, पण चूक माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पंचवीस वर्षं मी उत्रोलीत दाढ्या करतोय. एवढ्या काळात कुणाच्या कानाला धक्का लागला नाही. पण वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाईक ताडकन उठून उभं राहिलं, तर न्हाव्यानं करायचं काय?

नाना उठले ते टीव्हीकडं बघून. माझ्या दुकानात आरशाच्या वर फळी आहे, फळीवर टीव्ही आहे, आणि टीव्हीवर साडेसहाला दोन भावांची मालिका लागते. थोरला विश्वास, धाकटा राजवीर. त्या दिवशी पडद्यावर विश्वास दार लोटून घरात आला आणि इकडं नाना अर्ध्या तोंडाला फेस घेऊन उभे.

"नाना, रगत आलंय," मी म्हणालो.

"येऊ दे. थोरला आलाय," नाना म्हणाले, आणि विश्वास पडद्यावरच्या खुर्चीत बसेपर्यंत हा माणूस खाली बसला नाही.

मी तुरटी फिरवली आणि शहाणा झालो. तेव्हापासून विश्वास यायची चिन्हं दिसली की माझा वस्तरा आपोआप वर जातो. नाना उठतात, उभे राहतात, बसतात, मग पुढची दाढी. बरं, नुसतं उठणं नाही. हातात तंबाखू मळलेली असेल तर ती मुकाट्यानं मागच्या खिशात जाते, तोंडातली बाहेर जाऊन थुंकून येतात. थोरल्यासमोर तंबाखू खायची नसते. अहो, पण तो टीव्हीत आहे, त्याला दिसतंय कुठं, असं मी एकदा म्हणालो. नानांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की पुढं तो विषय मी काढला नाही.

याउलट राजवीर आला की नाना म्हणायचे, "बारीक कर त्याला." म्हणजे आवाज कमी कर.

आता नानांची थोडी माहिती देतो. वय सहासष्ट. लग्न केलं नाही. का केलं नाही हे गावात सगळ्यांना वेगवेगळं माहीत आहे. आठ वर्षांनी मोठा भाऊ, दगडूअण्णा. अण्णांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगी सुमन लग्न होऊन पुण्याला. घरात दोघंच म्हातारे. भातशेती दोघांची, चूल दोघांची. अण्णा बोलायला कमी आणि टीव्ही बघायचे नाहीत. तेव्हा दोघांच्या वाटणीचं बोलणं आणि बघणं नाना माझ्या दुकानात येऊन उरकायचे.

आणि बोलणं म्हणजे काय, भांडण. माझ्या दुकानात दोन पक्ष होते. थोरल्याच्या पक्षात नाना, एकटे. धाकट्याच्या पक्षात मी आणि रफिकभाई. रफिकभाई भोरचे, त्यांचा पेंडीच्या पोत्यांचा टेम्पो आहे. आमच्या गावात माल टाकला की संध्याकाळी बाकावर येऊन बसायचे. मी धाकट्याच्या पक्षात का, तर सगळी तरणी पोरं राजवीरसारखे केस कापून मागतात. विश्वाससारखे केस आजवर एकानंही मागितले नाहीत. धंद्याशी बेइमानी करायची कशी? रफिकभाईंचं कारण निराळं. ते म्हणायचे, "नाना, मी चार भावांत थोरला हाय. मला बघून कोण उठतंय? उलट मी बसलो की खुर्ची मागत्यात. थोरल्याचं कौतिक मला सांगू नका."

पण खरं सांगायचं तर मुद्दे नानांचेच पक्के असायचे. मालिकेनं विश्वासला वागवलंच तसं होतं. राजवीर आला की वारा सुटायचा, केस उडायचे. बंद खोलीतसुद्धा वारा सुटायचा. विश्वास आला की नुसतं दार वाजायचं. राजवीर हातात काही न घेता आला तरी तीन बाजूंनी दाखवायचे, आणि विश्वासच्या हातात कायम काहीतरी ओझं. कधी पोतं, कधी पाण्याची कळशी, एकदा तर राजवीरचे बूट.

"आरं, सुरवातीच्या गाण्यात बी त्याची पाठ दावत्यात," नाना कळवळून म्हणायचे. "बाप मेल्यावर ज्यानं घर वडलं त्याची पाठ, आन् ज्यानं फटफटी उडवली त्याचं तोंड. ह्यो काय न्याय हाय?"

"नाना, हिरो म्हटल्यावर फटफटी पाहिजेच," मी म्हणायचो.

यावर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. दोन बोटं वर करून, हळू आवाजात, निकाल दिल्यासारखं ते म्हणायचे, "लिवणाऱ्याला भाऊ न्हाई."

मालिका लिहिणाऱ्याला सख्खा भाऊ नाही, असला तरी थोरला नाही, याबद्दल नानांची खात्री होती. पोळ्याच्या भागात विश्वासला बैलामागं उभं केलं तेव्हा, लग्नाच्या भागात त्याला वाढप्यांत घातलं तेव्हा, दर वेळी हेच वाक्य. पुढं पुढं गावातली पोरं कुणाचंही काही चुकलं की म्हणायला लागली, लिवणाऱ्याला भाऊ न्हाई.

तर गेल्या पावसाळ्यात लावणीच्या तोंडावर मालिकेत विश्वासची गाडी घाटात कोसळली. गाडीत राजवीर पण होता, पण त्याला फक्त कपाळावर खरचटलं, तेही शोभेल असं. विश्वास बेशुद्ध. रोज पडद्यावर दवाखान्याची खाट, नळ्या, आणि त्या यंत्रावरची हिरवी रेघ. मी जाहीर करून टाकलं की थोरला जाणार. तो गेल्याशिवाय धाकट्याला वाव नाही.

त्याच आठवड्यात नानांनी दाढी बंद केली.

सोमवार आणि गुरुवार हे त्यांचे ठरलेले वार. सोमवारी आले, बाकावर बसले. मी कापड झटकलं, तर म्हणाले, "आज न्हाई." गुरुवारीही नाही. खुंट वाढले, मग पांढरी दाढी दिसायला लागली. लावणीचे दिवस, माणूस दिवसभर गुडघाभर चिखलात, आणि साडेसहाला तसाच चिखलाच्या पायांनी बाकाच्या टोकाला. चपला दारात काढायच्या, हात गुडघ्यावर ठेवायचे, आणि त्या हिरव्या रेघेकडं बघत बसायचं. भांडण नाही, मुद्दा नाही. "बारीक कर" म्हणणंसुद्धा बंद.

गावानं काय समजायचं ते समजलं. बाळूनानांनी मालिकेतल्या विश्वाससाठी नवस बोलला. तो बरा होईस्तोवर दाढी नाही. बायका पाणवठ्यावर हसायला लागल्या. रफिकभाई म्हणाले, "नाना, त्यो नट घरी रोज गुळगुळीत दाडी करत आसंल. तुमी कशापायी वाढवताय?"

"आसू द्या," नाना म्हणाले.

मी तर फारच चढलो होतो. गिऱ्हाइकांना सांगायचो, बघा, माणूस टीव्हीपायी कसा वाया जातो. एकदा विचारलं, "अण्णा काय म्हणत्यात दाढीबद्दल?" तर म्हणाले, "अण्णा सुमनकडं गेल्यात पुण्याला. चार दिस." कापूरहोळला जाऊन पुण्याच्या एसटीत बसवून आलो, एवढंच सांगितलं. भर लावणीत अण्णा लेकीकडं राहायला जातील, हे माझ्या टाळक्यात खटकायला पाहिजे होतं. नाही खटकलं. मला मालिकेत विश्वास कधी मरतो याची घाई झालेली.

तो बुधवारी मेला. हिरवी रेघ सरळ झाली, राजवीरनं दवाखान्याची काच फोडली, वारा सुटला. आणि मी टाळी वाजवली. "म्हनलं न्हवतं?" असं म्हणून मी वळलो, तर नाना उभे. पण थोरल्याच्या मानासाठी उभे राहायचे तसे नव्हे. बाकाला धरून. तोंडाचा रंग उडालेला. दाराबाहेर पडले आणि चालायला लागले.

"रुसले," रफिकभाई म्हणाले.

पाच-दहा मिनिटांनी माझं लक्ष गेलं. नानांच्या चपला दारातच होत्या.

मी चपला उचलल्या आणि निघालो. मनात म्हटलं, जाऊन दोन शब्द सुनवावेत, की नाना, नाटक असतं ते, माणसानं किती मनाला लावून घ्यावं. अजून उजेड होता. नाना घराच्या ओट्यावर बसले होते, पाय चिखलानं भरलेले, हात मांडीवर उताणे.

"नाना, चपला," मी म्हणालो.

"मारुती," नाना म्हणाले, "अण्णांचं हुरद्याचं आपरेशन झालंय काल. डॉक्टर म्हनला, चोवीस तास जाऊ द्या, मंग सांगतो. आज सांजच्याला सुमीचा फोन यायचा व्हता."

मी खालीच बसलो. "मग? आला का?"

"म्या फोन बंद केला. भाताच्या कणगीत टाकलाय."

"आवो, का?"

नाना माझ्याकडं न बघता सांगत होते. अण्णांनी बजावलं होतं, गावात बोभाटा नको, लोक कामधंदा सोडून पुण्याला पळतील. आणि बाळू, तू लावणी टाकून यायचं नाही. थोरल्याचा शब्द, तो मोडायचा कसा? म्हणून नाना हिकडं चिखलात, आणि मन तिकडं खाटेपाशी. दवाखान्यात काय चाललंय ते दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त माझ्या दुकानातली खाट. ज्या दिवशी अण्णांना दाखल केलं, त्याच दिवशी विश्वासची गाडी कोसळली. नानांनी त्याचा कौल धरला. देवापुढं उजवं-डावं फूल बघतात, तसं हे साडेसहाला मालिका बघत होते. रेघ हलतेय तोवर अण्णा हायेत.

"आन् आज सरळ झाली, मारुती," नाना म्हणाले. "आता फोन चालू करून काय ऐकू?"

मला माझी लाज वाटली. त्या टाळीची तर आजही वाटते. पंचवीस वर्षं ज्याचा गळा आठवड्यातनं दोनदा माझ्या हाताखाली आहे, त्या माणसाच्या घशाशी काय आलंय हे मला कळू नये?

मी आत गेलो. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, भाताचं कुसळ टोचलं, फोन सापडला. चालू केला. चालू होतोय तोच वाजला. मी आवाज मोठा करून नानांच्या पुढं धरला.

"काका, कुठं होता? किती फोन लावले," सुमन रडवेली झाली होती. "बाबा चांगले आहेत. धोका टळला म्हणाले डॉक्टर. मगाशी नळी काढली तोंडातली. पहिलं काय बोलले असतील? बाळूला विचार, चिखलणी झाली का."

नाना एकदम म्हणाले, "झाली म्हणावं. लावणी बी झाली. वरचा तुकडा ऱ्हायलाय, उद्या व्हईल. खोटं सांगू नकोस, ऱ्हायलाय म्हणून सांग."

फोन ठेवला. नानांनी पंच्यानं तोंड पुसलं, दाढीतनं पाणी निथळत होतं तेही पुसलं. मोठा श्वास सोडला. माझाही सुटला. मग नानांनी दोन बोटं वर केली.

"म्या पैल्यापास्नं सांगत व्हतो का न्हाई?" ते म्हणाले. "लिवणाऱ्याला भाऊ न्हाई."

अण्णा महिन्याभरानं गावात आले. घरी जायच्या आधी माझ्या दुकानात आले, नानांचं मनगट धरून, शाळेत पोराला आणतात तसे. "मारुती, आधी ह्याची दाडी काढ. माझ्यापायी जोगडा झालाय," म्हणाले आणि बाकावर बसले. रफिकभाई बाकावर होते, ते उठले आणि सगळा बाक अण्णांना दिला. मी धंद्यानं सदा उभाच, तरी जरा जास्त सरळ झालो. नानांना खुर्चीत बसवायला त्रास पडला. थोरला बाकावर आणि आपण गादीच्या खुर्चीत, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी अण्णा "बस" म्हणाले तेव्हा बसले.

साडेसहा वाजले होते. मालिका लागली. विश्वासच्या फोटोला हार घातलेला. मी घाईघाईनं बंद करायला गेलो, तर अण्णा म्हणाले, "आसू दे. सुमीकडं रोज बघत व्हतो. दुसरं काम काय व्हतं?"

रफिकभाईंना राहवलं नाही. "मंग अण्णा, तुमी कुणाच्या पक्षात? थोरल्याच्या का धाकट्याच्या?"

अण्णांनी विचार केला. सावकाश, एकेक शब्द तोलून, म्हणाले, "त्या धाकट्यावर लई अन्याव केलाय. थोरला आपला मोठेपणा मिरवत फिरायचा. निस्तं ह्ये सोडलं, त्ये सोडलं. धाकट्यानं काय काय सोडलं, ह्ये कुणी इचारलं का? त्याचं त्यानं सांगितलं न्हाई म्हणून कुणाला कळलं बी न्हाई."

वस्तरा माझ्या हातात तसाच. आरशात बघितलं, तर नानांनी डोळे गच्च मिटलेले, आणि एका गालावरचा फेस पातळ होऊन खाली उतरत होता. मी तो पुसला आणि नवा लावला.

इतक्यात पडद्यावर दार उघडलं, वारा सुटला, आणि राजवीर आला. सवयीनं माझा हात रिमोटकडं गेला, आवाज बारीक करायला.

"मारुती," नाना डोळे न उघडता म्हणाले, "आज आसू दे. थोडा मोठाच कर."