जिन्या, वर सांग!

"आपल्या कागदांना बोट लावायला जागा नाही!" ड्रायव्हिंग मास्तर फाइलीवर थाप मारून म्हणाले. "एका फेरीत दाखला घेऊन येतो की नाही, बघच!"

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. आयुष्यभर लोकांच्या पायाला ब्रेक शिकवला, स्वतःच्या जिभेला तेवढा बसवायचा राहून गेला! लेकीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. घराण्यातली पहिली डॉक्टर, जनावरांची का होईना! पण शुक्रवारच्या आत जात पडताळणी समितीचा दाखला दिला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मास्तर मात्र निर्धास्त. सख्ख्या मोठ्या भावाकडे तोच दाखला होता. भावाची जात सिद्ध, म्हणजे आपलीही सिद्ध! दूध एका म्हशीचं आणि साय दुसरीची, असं कधी झालंय का?

अडचण एवढीच, की भाऊ बोलत नव्हता. चष्म्याचं दुकान चालवणारे दादा वरच्या मजल्यावर, मास्तर खाली. दादांची पाण्याची टाकी भरून वाहिली, की मास्तरांच्या शिकाऊ गाडीवर धबधबा कोसळायचा. त्यावरून कोर्टात खटला चालू होता आणि बोलणं चालायचं ते जिन्यामार्फत.

"जिन्या, वर सांग, टाकी भरली!"

"जिन्या, खाली सांग, डोळे आहेत मला!"

समितीच्या मॅडमनी मास्तरांची फाइल चाळली, त्यांच्या चौकशी पथकाने आणलेला एक कागद वर काढला आणि मास्तरांकडे रोखून पाहिलं.

"टाकीच्या खटल्यातलं हे प्रतिज्ञापत्र तुमचंच?"

"माझंच!" मास्तर अभिमानाने म्हणाले.

"यात तुम्ही शपथेवर म्हटलंय, ‘वरच्या मजल्यावरचा इसम माझा कोणत्याही नात्याने भाऊ लागत नाही.’"

नवशिक्याने क्लच सोडल्यावर गाडी जशी आचका देऊन बंद पडते, तसं मास्तरांचं तोंड झालं.

"ते... रागात, मॅडम!"

"भाऊच नसेल, तर त्याचा दाखला तुम्हाला कसा चालेल? आणि असेल, तर ही शपथ खोटी. गुरुवारी त्यांना घेऊन या, भाऊ असल्याच्या कागदावर त्यांची सही लागेल."

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "टाकीच्या पाण्यात भाऊ बुडवलात! जा आता वर, पाय धरा त्यांचे!"

"पाय? मी?"

"मग सांगा पोरीला, कॉलेज राहू दे, घरातल्याच दोघांवर उपचार कर म्हणावं!"

लेक आतल्या खोलीत होती. कॉलेजसाठी आणलेला पांढरा कोट ती घडी घालून कपाटात ठेवत होती, अगदी आत, हिवाळ्याच्या कपड्यांमागे. ते बघताच मास्तर ताडकन उठले, तरातरा जिन्यापाशी गेले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच इंजिन बंद!

"जिन्या, वर सांग, एका कागदावर सही पाहिजे!"

दादांना वाटलं, टाकी हलवायचा कागद!

"जिन्या, खाली सांग, मेलो तरी सही देणार नाही!"

"ऐकलंस?" मास्तर बायकोवर गरजले. "सख्ख्या पुतणीच्या शिक्षणावर उठलाय!"

"अहो, पण सही कशासाठी, ते सांगितलंत का?"

"एवढंही जिन्याला कळू नये?"

बुधवारी संध्याकाळी जिना दणदणला. दादा स्वतः खाली येत होते! हातात समितीची नोटीस. पुतणीच्या प्रकरणात धाकटा तुम्हाला भाऊ मानत नाही, म्हणजे तुम्ही दिलेली वंशावळ खोटी. मग तुमचाही दाखला पुन्हा का तपासू नये? आणि दादांच्या मुलाची नोकरी त्याच दाखल्यावर!

"अरे गाढवा!" दादा ओरडले.

एवढ्या वर्षांत जिन्याला वगळून बोललेले ते पहिले शब्द! मास्तरांचे डोळेच भरून आले.

"पोरीच्या कॉलेजसाठी सही हवी होती, तर तसं बोलायला काय झालं होतं तुला?"

"तू कुठं विचारलंस?"

"मी विचारायचं? धाकटा कोण?"

गुरुवारी दोघे मॅडमसमोर बसले, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. मास्तरांनी मान खाली घालून शपथ रागात घेतल्याचं कबूल केलं.

"हा लहानपणापासून असाच, मॅडम," दादा म्हणाले. "रागावला की नातं तोडतो. सायकल मला दिली म्हणून आईला म्हणाला होता, तू माझी आईच नाहीस!"

"सायकल माझी होती!"

"तुझे पाय तरी पुरत होते का?"

"दांडीखालून पाय घालून चालवायचो मी! आणि ती विहिरीपाशी आपटली कुणी?"

"मागे बसून माझे डोळे कुणी झाकले होते?"

"आणि मार कुणी खाल्ला? मी! तू धान्याच्या कोठीमागे लपलास!"

"तुझ्यासाठी गूळ चोरायला गेलो होतो रे, मूर्खा!"

मास्तर दादांकडे वळले. हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि लेखनिकाकडे वळल्या. "घ्या लिहून. वंशावळीचे कागद बरोबर आहेत, शंका फक्त त्या शपथेची होती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला दोन भाऊ आहेत. आणखी पुरावा नको." मास्तरांना मात्र त्यांनी बजावलं, "कोर्टात जाऊन ते प्रतिज्ञापत्र खोटं असल्याचं कबूल करा. जी शिक्षा होईल ती भोगा."

मास्तरांनी कोर्टात कबूल केलं, जजसाहेबांची बोलणी खाल्ली, दंड भरला. खटलाही गुंडाळला. पोरीची जागा टिकली आणि कोट कपाटातून बाहेर आला. ज्या दिवशी लेक कॉलेजला निघाली, त्या सकाळी तिला सोडायला मास्तरांनी गाडी धुऊन आरशासारखी केली. एवढ्यात वरून धबधबा!

मास्तर जिन्याकडे धावले. "जिन्या, वर सां..."

"जिन्याला कशाला?" वरून आवाज आला. "सरकारने भाऊ ठरवलंय ना मला? सरळ बोल की!"

मास्तरांनी घसा खाकरला. लेक कोट सावरत दारात उभी राहिली. मास्तरांच्या ओठांवर तो शब्द पुन्हा यायला जरा वेळच लागला.

"दादा... टाकी भरली!"

"डोळे आहेत मला!"