अपरिचित पुस्तक घरी नेऊ नये

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी घमापूरच्या नर्मदाकाठ मराठी वाचक मंडळानं सर्वानुमते ठराव केला, की ज्या पुस्तकाचा आणि ज्याच्या लेखकाचा सभासदांना रीतसर परिचय करून दिलेला नाही, असं कोणतंही पुस्तक यापुढे कोणाला घरी नेता येणार नाही. सर्वानुमते म्हणजे सात जणांच्या. हेमलताबाई वझलवार त्या वेळी जिन्यात होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना वर पोचायला ठरावापेक्षा जास्त वेळ लागला.

ठरावाला कारण होतं. मंडळाचे अध्यक्ष दिवाकरराव ठोसर यांनी मे महिन्यात मुखपृष्ठावर देवळाचं चित्र पाहून एक पुस्तक नेलं आणि न उघडताच मुलीच्या सासऱ्यांना प्रवासात वाचायला दिलं. गाडी इटारसीला पोचेपर्यंत व्याह्यांच्या लक्षात आलं, की पुस्तक देवळांच्या जमिनी गिळणाऱ्या विश्वस्तांबद्दल आहे. व्याही स्वतः एका देवळाचे विश्वस्त होते. त्यांनी महिनाभर फोन उचलला नाही.

दिवाकररावांनी खमरियाच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. त्यांनी सभेला सांगितलं, "तिथं शिक्का बसल्याशिवाय खिळासुद्धा फाटकाबाहेर जात नाही. पुस्तक तर खिळ्यापेक्षा जास्त टोचतं." सभेनं टाळ्या वाजवल्या आणि ठराव झाला.

आता हेमलताबाईंचं यात काय अडलं, ते सांगितलं पाहिजे.

१९७१ साली त्या लग्न होऊन अमरावतीहून खमरियाच्या क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा समोरच्या ओळीत शैलजा राजकारणे नावाच्या बाई राहत. नवरा फोरमन, पदरी तीन मुलं. दुपारी मुलं झोपली, की त्या मागच्या पडवीत पाटावर वही ठेवून लिहीत. ओळीतल्या बायका म्हणत, "हिशेब लिहीत असेल बापडी." निघाली कादंबरी. 'तिसऱ्या भोंग्यानंतर' असं तिचं नाव. नागपूरच्या एका छापखान्यानं तीनशे प्रती काढल्या आणि पानांच्या कडा न कापताच बांधून दिल्या. जुळी पानं सुरीनं मोकळी करावी, मग वाचावी. मंडळाची कोरी प्रत पहिल्यांदा हेमलताबाईंच्याच हाती आली. भाजीच्या सुरीनं पानं सोडवत सोडवत त्या एकशे बाराव्या पानापर्यंत पोचल्या. तिथे सुशीला नावाची नायिका पत्र्याची पेटी घेऊन फॅक्टरीच्या फाटकाशी उभी होती. तिसरा भोंगा व्हायला दोन मिनिटं होती. भोंगा झाला की नवरा बाहेर येणार. त्याच्याबरोबर घरी जायचं, की त्याच्या आधी स्टेशनची वाट धरायची, हे तिनं ठरवलं नव्हतं.

त्या पानावर सासूबाईंनी पुस्तक परत पाठवलं. म्हणाल्या, "ज्या पुस्तकातली सून पेटी घेऊन उभी राहते, ते घरात उभं करू नये."

शेवट लेखिकेलाच विचारता आला असता. पण हेमलताबाईंना ते बरं वाटेना. पंगतीत बसण्याआधी गोडाचं काय केलंय असं विचारण्यासारखं ते. पुढच्या वर्षी राजकारणे मंडळींची बदली झाली. बाईंनी पुन्हा काही लिहिल्याचं कोणी ऐकलं नाही. पुस्तक मग मंडळाचे एक जुने सभासद, बापूसाहेब हरदास यांनी नेलं आणि एक्कावन्न वर्षं परत केलं नाही. दरवर्षी वार्षिक सभेत मात्र ते त्या कादंबरीबद्दल गहिवरून बोलत. "काय शेवट आहे!" एवढं म्हणून ते चष्मा पुसत. ते गेले तेव्हा मुलांनी माळा आवरला आणि पुस्तक मंडळात आलं.

मे २०२३ मध्ये हेमलताबाईंनी ते नेलं तेव्हा त्यांचं वय बहात्तर होतं. उजवा डोळा कामातून गेला होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "अम्माजी, जो पढ़ना है, सालभर में पढ़ लीजिए." त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. चौदाव्या दिवशी एकशे बारावं पान संपलं. सुशीला होती तिथेच उभी होती. हेमलताबाईंनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी पंधरा दिवसांची मुदत संपत होती, आणि मुदतवाढ न घेता पुढचं पान उलटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मंडळाच्या इतिहासात पुस्तक वेळेवर आणून दाखवणाऱ्या त्या एकट्याच. तोच त्यांचा गुन्हा झाला.

ठरावाच्या त्या रविवारी सचिव क्षमा कानेटकर यांनी पुस्तक हातात घेतलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"अगं क्षमा, मी वाचून राहिली आहे ना ते!"

"वाचून राहिल्या होत्या, काकू. आता ते अपरिचित झालं."

"बावन्न वर्षांची ओळख आहे माझी त्याच्याशी."

"ती खासगी ओळख झाली. मंडळाच्या नोंदीत नाही."

दिवाकरराव मध्ये पडले. हेमलताबाईंच्या यजमानांचे ते फॅक्टरीतले सोबती. "वहिनी, तुमच्या भल्यासाठीच करून राहिलो हे. उद्या त्यात काही भलतंसलतं निघालं तर?"

"भलतंसलतं निघावं म्हणूनच तर वाचते, भाऊजी."

हे वाक्य इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

मंडळाच्या तीन कपाटांत एक हजार नऊशे चव्वेचाळीस पुस्तकं होती. परिचय दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकाच पुस्तकाचा व्हायचा, कारण त्यानंतर चहा असे. म्हणजे सगळी पुस्तकं परिचित व्हायला एकशे बासष्ट वर्षं लागणार होती. मंडळानं याला दीर्घकालीन नियोजन म्हटलं.

जुलैच्या सभेत हेमलताबाईंनी विचारलं, "पुस्तक परिचयाआधी कोणाला मिळत नाही. मग परिचय करून देणाऱ्यानं ते वाचायचं कधी?"

मग दिवाकरराव म्हणाले, "वाचायचं काहून? लग्नात आपण पाहुण्यांची ओळख करून देतो, तेव्हा त्यांची आतडी तपासतो का?"

"मग इथंच खुर्चीवर बसून वाचू द्या."

"वाचणं म्हणजे वापर. तपासणीच्या आधी वापर? वहिनी, तुम्ही फॅक्टरीवाल्यांच्या घरच्या, तुम्ही असं बोलावं?"

तेव्हा परिचयकर्ते कपाटाच्या काचेसमोर उभे राहून परिचय करून देऊ लागले. ज्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसे, त्याच्या वक्त्याचं नशीब चांगलं. बाकीच्यांना पाठीवर भागवावं लागे. सप्टेंबरमध्ये एका प्रवासवर्णनाचा परिचय 'रंग विटकरी, जाडी तीन बोटं, लेखक अनुभवी' असा झाला आणि फार आवडला.

लेखकाच्या परिचयासाठी छापील अर्ज आला. त्यात दोन फोटो, चालू मोबाईल नंबर आणि हयातीचा दाखला जोडायचा होता. लेखक हयात नसल्यास तसं त्यानं स्वतः लेखी कळवायचं होतं. मंडळात पेन्शनर जास्त, त्यामुळे या अटीत कोणाला काही वावगं दिसलं नाही.

मग प्रश्न आला, की परिचय करून देणारा स्वतः कोण? म्हणून क्षमाताई त्याचा परिचय करून देऊ लागल्या. त्याला चाळीस मिनिटं लागत. क्षमाताईंचा परिचय केतन पांडे करून देई. केतन मंडळाच्या युवा आघाडीचा प्रमुख, वय बेचाळीस, बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाचं दुकान. मराठी त्याला समजे पूर्ण, बोलता येई लागेल तेवढी. पुस्तकाच्या वाट्याला शेवटी चार मिनिटं उरत, आणि त्यातली दोन चहावाला खाई.

त्याच केतननं परिचयांचे साठ-साठ सेकंदांचे व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. "काकू, टेन्शन नका घेऊ. एका मिनटात पूरी किताब. आता वाचायची झंझटच नाही," तो हेमलताबाईंना म्हणाला.

"जेवणाचंही एका मिनिटात करून दे रे. गिळायची झंझट नको."

"देखो, काकूंचा सेन्स ऑफ ह्यूमर!" केतननं तेही रेकॉर्ड केलं.

वर्ष सरलं. बारा पुस्तकं परिचित झाली होती. त्यांतलं एकही कोणी घरी नेलं नव्हतं, कारण माहीत असलेलं पुस्तक वाचायचं कशाला, असं सभासदांचं मत पडलं. वर्षभरात एकही पुस्तक हरवलं नाही, फाटलं नाही, कोणत्या पानावर चहाचा डाग नाही. या कामगिरीबद्दल एका प्रांतिक संस्थेनं मंडळाला आदर्श ग्रंथालयाचं मानचिन्ह दिलं. ते ठेवायला जागा हवी म्हणून वाचनाचं एकुलतं टेबल हलवण्यात आलं.

या वर्षात हेमलताबाईंच्या डाव्या डोळ्यानं वर्तमानपत्र सोडलं, नंतर औषधाच्या बाटलीवरची अक्षरं सोडली. त्यांनी परिचयकर्ती म्हणून अर्ज केला. तो नामंजूर झाला. शेरा होता: 'अर्जदारानं पुस्तक निम्म्याहून अधिक वाचलेलं असल्यामुळे त्या निःपक्षपाती राहू शकत नाहीत.'

तिसऱ्या दिवशी हेमलताबाईंनी दिवाकररावांना फोन केला.

"भाऊजी, सहज आठवलं म्हणून. त्या राजकारणेबाईंच्या कादंबरीत, चाळिसाव्या पानाच्या आसपास, तपासणी खात्यातला एक बाबू आहे. उंच, गोरा. बायका त्याच्याकडे वळून बघतात असं लिहिलंय."

पलीकडे दिवाकररावांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"कोणत्या साली म्हणालात छापली?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तरच्याच मार्चला मी जॉइन झालो, वहिनी," दिवाकरराव हळूच म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी 'तिसऱ्या भोंग्यानंतर'चा परिचय अध्यक्षांनी स्वतः करून दिला. लेखिकेचा हयातीचा दाखला अध्यक्षांच्या विशेषाधिकारात माफ झाला. क्षमाताईंनी अध्यक्षांची ओळख पन्नास मिनिटांत आवरली. दिवाकरराव तपासणी खात्यातल्या बाबूवर तपशीलवार बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि शेवट! भोंगा होतो. नवरा बाहेर येतो. सुशीला पेटी उघडते, त्यातून त्याच्यासाठी विणलेला स्वेटर काढते, आणि दोघं घरी जातात."

खोलीत नाकं ओढल्याचे आवाज आले. क्षमाताई म्हणाल्या, "माझी आई हाच शेवट सांगायची, अगदी हाच." केतननं डोळे पुसत रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

"भाऊजी, तुम्ही वाचलं केव्हा?" हेमलताबाईंनी विचारलं.

"वाचायला कशाला लागतं, वहिनी? बापूसाहेब रडायचे ते आठवत नाही का? माणूस उगाच रडतो?"

पुस्तकावर 'परिचित' असा जांभळा शिक्का बसला. हेमलताबाईंनी सही केली आणि हात पुढे केला. पुस्तक हाती येताच त्यांनी तिथंच एकशे बारावं पान काढलं, आणि पुढचं उलटू लागल्या. ते उलटेना.

पुढचं पान त्याच्या पुढच्या पानाला जुळलेलं होतं. त्याच्या पुढचं त्याच्या पुढच्याला. छापखान्यातून आलं तसं, शेवटच्या पानापर्यंत. एक्कावन्न वर्षं बापूसाहेबांनी चष्मा पुसला होता. सुरी एकदाही लावली नव्हती.

पुस्तक हातोहात फिरलं. प्रत्येकानं पान उलटून पाहिलं आणि शेजाऱ्याकडे दिलं. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

शेवटी दिवाकरराव म्हणाले, "वाकून, फटीतून वाचता येतं."

"चलो, हो सकता है," केतन म्हणाला.

"आणि वहिनी, सुरीबिरी लावू नका बरं का. मूळ स्थितीत राहिलंय. मानचिन्ह त्याचंच आहे आपल्याला."

हेमलताबाईंनी पुस्तक पिशवीत टाकलं. "पंधरा दिवसांनी आणून देते," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भाजीची सुरी धुऊन कोरडी केली.

पुढे काय झालं, तेही सांगून टाकावं. दिवाकरराव आता त्या कादंबरीचे अधिकारी अभ्यासक मानले जातात. नागपूरला त्यांची दोन व्याख्यानं झाली, आणि व्याह्यांनी दुसऱ्याला स्वतः हजर राहून समेट केला. क्षमाताईंना आता लग्नांत मुलाकडच्यांची ओळख करून द्यायला बोलावतात. गेल्या हिवाळ्यात मुहूर्त टळला तरी वराच्या मामांची ओळख व्हायची होती. केतनचा स्वेटरवाला व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. खाली शेकडो जणांनी लिहिलंय, की ही कादंबरी त्यांनी लहानपणी वाचली होती आणि आजही डोळ्यांत पाणी येतं. शैलजाबाई कुठं आहेत, आहेत की नाहीत, कोणी विचारलं नाही.

हेमलताबाईंनी भिंग लावून, दिवसाला सात-आठ पानं करत, बारा दिवसांत कादंबरी संपवली आणि तेराव्या दिवशी परत केली. डोळ्यानं त्यानंतर अडीच महिने साथ दिली. ते त्यांनी खिडकीबाहेर बघण्यात घालवले. आता त्यांना दिसत नाही, पण चेहरा बघणारे म्हणतात, बाई आतल्या आत हसून राहिल्या आहेत. शेवटात स्वेटर नाही, एवढंच त्या सांगतात. पुढचं विचारलं तर म्हणतात, "पानं मोकळी करून ठेवलीत मी. वाचा."

पुस्तक तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. परिचित असल्यामुळे कोणालाही नेता येतं. अजून कोणी नेलेलं नाही.

तुम्हीही न्याल असं नाही. सुशीला, पेटी, भोंगा, न कापलेली पानं, सगळं तर कळलं तुम्हाला. उद्या कोणी नाव काढलं की तुम्ही म्हणाल, "हो हो, माहीत आहे मला ती कादंबरी." आणि कोणी शेवट विचारलाच, तर चष्मा पुसा.