मशीनला मोत्यांचे वेल

आमच्या घरमालकांच्या रेडिओला फेटा आहे. खरा, गुलाबी, तुरा सोडलेला. बातम्या लावायच्या आधी अण्णा तो फेटा नीट बसवतात आणि मगच बटण फिरवतात. "आवाज मागनं, आदी रुबाब," म्हणतात.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि ह्यांना फौंड्रीत काम लागलं म्हणून कोल्हापुरात आले. पहिल्याच दिवशी अण्णा जिन्याखालून ओरडले, "पावनी, चा घेतलासा काय?" मला वाटलं, आमचं काहीतरी चुकलं. खोली सोडावी लागेल म्हणून दुपारपर्यंत मी बोचकंसुद्धा सोडलं नाही. मग कळलं, ते मायेनंही ह्याच आवाजात बोलतात.

अण्णांचा जन्म लाउडस्पीकर भाड्याने देण्यात गेला. लग्नं, जत्रा, कुस्त्यांची मैदानं. आता धंदा बंद आहे, पण सोनेरी रंग दिलेले कर्णे मागच्या खोलीत ओळीनं मांडलेत. मी शिवणकाम करते म्हटल्यावर अण्णांनी माझ्याकडून अँप्लिफायरला मखमली झूल शिवून घेतली, पोळ्याच्या बैलाला घालतात तशी. पुतण्यानं काळा गोल ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, तर म्हणाले, "ह्यो काय वरवंट्याचा तुकडा?" आणि चपलावाल्याकडून त्याला लाल गोंड्यांचा कातडी अंगरखा करून आणला. पुतण्याच्या कानातले पांढरे बड्स तर त्यांच्या डोळ्यांत खुपतात. "कानात शेंगा कोंबल्यागत दिसतंय. घालायचं ते मिरवाय पायजे की!"

हे सगळं ठीक होतं. अडलं ते अक्कांच्या मशीनपाशी.

अक्का म्हणजे अण्णांची बायको, सुमन; सगळे अक्काच म्हणतात. मला तापानं धरलं तेव्हा माझी आई लांब होती. ह्या बाईनं मी उठून बसेपर्यंत मला पेज भरवली. अक्कांना ऐकू कमी येतं. डॉक्टरांनी कानामागे बसणारी दोन मशीनं दिली, कातडीच्या रंगाची, कुणाला दिसू नयेत अशी. अक्कांनी ती डबीत घातली. "लोक बगत्यात," म्हणाल्या. हळूहळू बारशी, हळदीकुंकू सगळं बंद केलं. बायका हसतात आणि आपल्याला कळत नाही कशाला, हे त्यांना सोसत नव्हतं.

अशात हातकणंगल्याला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं.

"तुमी जावा. मी बसतो घरी," अक्का म्हणाल्या.

"न्हाय. जाणार तर जोडीनंच!" अण्णा ताडकन उठले. "त्या मशीनात रुबाबच न्हाय, मग ती का घालंल? आन लपवायचं कशाला? चोरी केल्या व्हय आपण?"

दुसऱ्या दिवशी डबी खिशात घालून ते गुजरीत सोनाराकडे निघाले. मापाला बाईचा कान हवा म्हणून मलाही नेलं. कानावरून केसांत जाणारे मोत्यांचे वेल असतात, तसे ह्या मशीनला जोडून हवे होते.

"मशीनला वेल?" सोनार म्हणाला. "हे पैल्यांदाच ऐकतोय."

"तुला ऐकाय न्हाय सांगितलं. घडव!"

"घडवतो की. पण वैनींच्या कानाला झालं काय?"

अण्णांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "मी झालो," ते म्हणाले. "जल्मभर अंगणात कर्णं वाजवून बघितलं. ती तितंच चुलीपाशी असायची." मग लगेच दुकान दणाणलं, "घुंगरं बी लाव!"

त्या घुंगरांनीच घात केला. अक्कांनी वेल घातले, मान हलवली आणि दचकून दाराकडे पाहिलं. "टांगा आला काय वो?" घुंगरं मशीनला लागूनच होती, जरा मान हलली की कानात वरात. अक्कांनी सगळं काढून परत डबीत ठेवलं. लग्न तर तोंडावर आलेलं.

अण्णांनी भर उन्हात चपला सरकवल्या आणि मला घेऊन पुन्हा गुजरी गाठली. सोनाराला म्हणाले, "घुंगरं काढ. मोती घट्ट बसीव, हलाय न्हाय पायजेत. रुबाब कमी झाला तर होऊ दे."



लग्नात बायकांनी अक्कांना घेरलं. "अक्का, वेल कुठं घडिवलासा?"

"गुजरीत. ह्यांनी," अक्कांनी पटकन सांगितलं. मग मोती बाजूला सारून स्वतःच दाखवलं, "मशीन हाय त्ये. तुमास्नी पायजे तर आदी कान म्हातारं करा." बायका हसल्या. अक्काही हसल्या, त्यांच्याबरोबरच. मांडवाच्या खांबाशी उभे असलेले अण्णा उगाचच फेटा नीट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून नेहमीची आरोळी आली, "चा झाला काय गंऽऽ?"

"वरडताय कशाला?" आतून अक्का म्हणाल्या. "कान फुटला की माझा. मी काय भैरी हाय?"

मग अण्णा दिवसभर खुणाच करत होते.

संध्याकाळी अक्का भजनाला गेल्या. किती महिन्यांनी गेल्या. वाळलेले कपडे काढायला मी खाली उतरले, तर मागच्या खोलीतून पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. दार अर्धं उघडं होतं. सोनेरी कर्ण्यांच्या मधोमध अण्णा पाटावर बसले होते, पाठमोरे.

"सुमन," ते म्हणाले. मान हलवली. मोठा झाला होता आवाज. घसा खाकरून त्यांनी पुन्हा म्हटलं, आणखी हळू, "सुमन, चा झाला का गं?"

तरी पटलं नाही. पुन्हा सुरू केलं.

कपडे दोरीवर तसेच ठेवून, चपला हातात घेऊन मी जिना चढले.