गच्चीवरच्या चाळीस पाट्या

स्वच्छतेत माझा हात धरणारा आमच्या रंगाच्या कारखान्यात कोणी नाही! मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि मी जाहीर करून टाकलं, "धुळीचा एक कण दिसला तर मिशी उतरवीन!"

त्या दिवशी पहाटेच गच्चीवर गेलो आणि हबकलोच. रस्त्याच्या बाजूला चाळीस रंगवलेल्या पाट्या टांगलेल्या आणि त्यांच्यावर धूर-धुळीची ही पुटं! कळकट तव्यांचं प्रदर्शनच जणू! बाह्या सरसावल्या, साबण, ब्रश, बादली घेतली आणि तीन तासांत पाट्या लख्ख!

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाई वर आल्या. बाहेरच्या भिंतींवर मळ धरणार नाही असा रंग बनवण्यात त्यांनी चार वर्षं घातलेली.

"हे कोणी केलं?"

"मीच!" माझी छाती फुगलेली.

बाई मटकन खाली बसल्या. "अहो, दीड वर्ष टांगल्या होत्या त्या! कुठल्या रंगावर किती मळ बसतो, ते आज साहेबांना दाखवायचं होतं. नाही पटलं तर काम बंद!"

दुसरी कोणी असती तर बादली माझ्या डोक्यावर पालथी घातली असती. बाईंनी शांतपणे वही उघडली.

"कोणती पाटी घासायला किती त्रास झाला, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? खांदा ओरडून सांगतोय! खालच्या ओळीवर तर धूळ डिंकात कालवल्यासारखी!"

"आणि ही सतरावी?"

"ती सोडली. कोणीतरी कालच नवी लावली असणार."

बाई ताडकन उठल्या. "नवी? तीही दीड वर्ष इथेच आहे! तोच आपला रंग!"

मी बघतच राहिलो. सगळी मेहनत साबणाच्या पाण्यात गेलेली असताना ज्या बाईला ओरडण्याऐवजी प्रश्न सुचतो, तिच्यापुढे हात जोडावेत!

साहेब आले. बाईंनी दर महिन्याच्या नोंदी दाखवल्या आणि मला पुढे ढकललं. "साहेब, हे दिसेल ते घासतात. या पाटीला मात्र यांनी हात लावला नाही."

"खरंच?" साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मळ दिसता तर सोडली असती का, साहेब?"

साहेब पोट धरून हसले. रंग मंजूर!

मलाही बढती मिळेल असं वाटलं होतं. आता दर महिन्याला मला नव्या पाट्यांसमोर उभं करतात आणि विचारतात, "कोणती घासावीशी वाटते?" पगार तोच आहे. प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या यादीत मात्र माझं नाव चढलंय. तराजूच्या खाली.