बिनमिठाचा दुधी

माझ्या मुलासाठी सांगून आलेली आहारतज्ज्ञ मुलगी, मुग्धा, पहिल्यांदा आमचं घर बघायला आली, तेव्हा मी तिला उकडलेला दुधी वाढला होता. बिनमिठाचा. हसा खुशाल, आता मीही हसते. तेव्हाची मी म्हणजे स्वतःला अख्ख्या अंबरनाथची अन्नपूर्णा समजणारी बाई. नाकावर चष्मा आणि जिभेवर मत, दोन्ही कायमची. मत असं, की जी मुलगी लोकांचं तूप सोडवते ती स्वतः वाफेवरच जगत असणार. म्हणून बाकी सगळ्यांना कांदेपोहे, वर ओलं खोबरं, आणि तिच्यापुढे पांढऱ्या बशीत हिरवट, थरथरणारा दुधी.

मुग्धानं एक घास खाल्ला. मग दुसरा. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का हो?"

तिच्या वडिलांना ठसका लागला. माझा मुलगा निलेश पोह्यांत तोंड लपवून बसला. मुग्धानं मात्र बशी चाटूनपुसून साफ केली आणि आठवड्याच्या आत बदलापूरहून होकार आला. असला दुधी खाऊनही हो? या कोड्यावर त्या अन्नपूर्णाबाईंनी पुष्कळ डोकं चालवलं. शेवटी दुधीपेक्षा माझा रुबाब मोठा दिसला असावा, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

ती या घरात आली आणि पहिल्याच सकाळी मला कळलं, की हे प्रकरण वेगळं आहे. मुग्धा उठते ती थेट फ्रिज उघडून उभी राहते. माणसं तळ्याकाठी उभी राहतात ना, तशी. आतला पिवळा उजेड तोंडावर, डोळे अर्धवट मिटलेले, कुठल्या गावाला गेलीय कोण जाणे. फ्रिज बिचारा कण्हत असतो.

"अगं, दार लाव. वीज जळतेय."

"थांबा आई, गाजरं काहीतरी म्हणतायत."

गाजरं काय म्हणाली ते संध्याकाळी खिचडीत कळतं.

मटकीचं तर विचारूच नका. भिजवलेली मटकी फडक्यात बांधायची, ते गाठोडं आमच्या ह्यांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळायचं आणि कपाटात उबेला ठेवायचं. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मफलरला एवढा मान त्यांच्या गळ्यातही नव्हता. मग घरभर फर्मान, "हळू बोला, मटकी झोपलीय." माझी नात सई कपाटासमोरून चवड्यांवर चालते. पहिल्यांदा मी खूप नाकं मुरडली. पण सकाळी गाठोडं सोडलं की प्रत्येक दाण्याला इवली पांढरी शेपटी फुटलेली असते. कोवळा, ओला वास येतो. हल्ली मीसुद्धा तिथं जरा जास्तच वेळ रेंगाळते.

आमच्या घरात सगळेच पळतीवर. निलेश आनंदनगरच्या कारखान्यात अधिकारी, सईची शाळा आणि क्लास, मुग्धाचा दवाखाना उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये. पण सकाळी मुगाची धिरडी, डब्यात थालीपीठ आणि दही, रात्री एका कुकरात जे सापडेल ते घातलेली खिचडी, वर जवसाची चटणी. एवढ्यावर गाडं सुरळीत चालतं. मी एकदा टोमणा मारला, "यासाठी एवढं शिकलीस होय?" तर म्हणाली, "आई, रोज करता येतं तेच पौष्टिक. बाकीचं सगळं व्हिडिओ."

एकदा मी तिच्या दवाखान्यात बसले होते. समोर एक सिंधी आंटी अगदी रडकुंडीला आलेली. "मॅडम, पापड के बिना तो मेरे गले से पानी भी नहीं उतरता!"

"तो खाओ ना आंटी, भूनके खाओ," मुग्धा म्हणाली. "और दाल-पकवान संडे को. सबके साथ बैठके. अकेले खडे-खडे नहीं खाने का."

मला हसूच आलं. कारण घरी ही स्वतः ओट्याशी उभी राहून जेवायची. आम्हा सगळ्यांची पानं झाली, की पातेल्यात उरलेलं ताटलीत घेऊन, खिडकीबाहेर बघत. तुला काय करू, विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काहीही चालतं." तिची आई ती लहान असतानाच गेली. वडील कारखान्यात पाळीवर. मला वाटायचं, चला, कटकट नसलेली सून मिळाली.

गेल्या थंडीत ती तापानं आडवी झाली. ताप उतरला, पण अन्न पोटात जाईना. पेज नको, वरणभात नको. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर ॲडमिट करावं लागेल.

स्वयंपाकघरात आमची तिघांची सभा भरली.

"तिला शिरा आवडतो," निलेश म्हणाला.

"बाबा, शिरा तुला आवडतो," सई म्हणाली.

"मग धिरडं?"

"ते मला."

"थालीपीठ तरी?"

"ते आजीला."

घरातल्या प्रत्येकाची आवड जिला पाठ, तिची आवड आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती. निलेशनं उगाच फ्रिज उघडला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. गाजरं त्याच्याशी काही बोलली नाहीत.

मी तिच्या खोलीत गेले. दुपार होती. पडद्यातून मऊ ऊन आत येत होतं, लांब मलंगगडाचं टोक धुरकट हवेत तरंगत होतं. मी उशाशी बसले. "आज काहीही चालतं म्हणालीस तर कान उपटीन. काय खावंसं वाटतंय ते सांग. पोटाला विचार तुझ्या."

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. फ्रिजसमोर असते ना, अगदी तशी.

"आई, तो दुधी करा ना. पहिल्या दिवशीचा."

मला वाटलं, ताप परत डोक्यात चढला. पण केला. तसाच, त्याच पांढऱ्या बशीत. पाठीला उशा लावून तिला बसवलं, मीही समोर बसले. एक घास गेला, दुसरा गेला. दाराशी निलेश आणि सई श्वास रोखून उभे, जणू आत मटकी झोपलीय.

अर्धी बशी संपल्यावर मला राहवेना. "अगं, खरं सांग. असला दुधी खाऊन तू या घराला हो कशी म्हणालीस?"

ती चमचा हातात तसाच धरून म्हणाली, "माहेरी आमच्याकडे एकाच पातेल्यात जे शिजायचं ते सगळे खायचे, आई. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी फक्त माझ्यासाठी वेगळं केलं होतं. पण आता जरा मीठ द्या."