पंखा मागेच राहील

डॉक्टरबाईंनी विमानाच्या नाकावरचा पंखा काढून शेपटाला लावायचं ठरवलं, तेव्हा घरात कोणीच हरकत घेतली नाही. नाना पेपर वाचत होते आणि सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत होती. बाईंना विरोधाची सवय होती. विरोध नसला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"मी पंखा मागे बसवतेय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"बरं," नाना म्हणाले.

"बरं काय? का म्हणून विचारा की."

"का म्हणून?"

"दरवेळी विमान नाकावर पडतं आणि नेमका पंखा मोडतो. पंखा मागे असला की नाक आपटू दे हवं तेवढं."

नानांनी पेपर खाली घेतला. "म्हणजे विमान पडणार हे तू धरूनच चालली आहेस."

"उभा जन्म लोकांचे दात काढण्यात गेला माझा. माणसं दात नीट घासणार नाहीत हे धरूनच दवाखाना चालवला. चांगला चालला."

नानांनी पेपर पुन्हा वर घेतला.

खरी गोष्ट त्यांना ठाऊक होती. दवाखाना बंद केल्यावर बाईंचे हात रिकामे पडले आणि त्यांचा जीव नुसता कासावीस झाला. मग त्यांनी रिमोटवर उडणारी विमानं बनवायला घेतली. फोम कापणं, तासणं, चिकटवणं, तारा जोडणं, सगळं स्वतः. दवाखान्यातली हत्यारं कपाटातून बाहेर आली, मागची खोली फोमच्या भुशाने भरली आणि बाई पुन्हा माणसांत आल्या. दर रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर विमानवाल्यांची मंडळी जमे. त्यात बाई एकट्याच बाई, आणि सगळ्यांत जास्त विमानं पाडलेल्याही त्याच.

मंडळाचे अध्यक्ष कॅप्टन. ते सैन्यात कधीच नव्हते. ऑफिसच्या व्हॉलीबॉल संघाचे कप्तान होते आणि ते पद त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. पंखा मागे बसवायचं ठरलं त्यानंतरच्या रविवारी बाईंचं विमान बोरीच्या झुडपात घुसलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

"डॉक्टरबाई, राग मानू नका. पण आता तुमचा हात राहिला नाही. रिमोट नानांकडे द्या आणि तुम्ही आमच्यासोबत सावलीत खुर्चीवर बसून मजा बघा."

बाईंना झोंबलं ते खुर्चीचं नव्हे, हाताचं. याच हाताने त्यांनी कॅप्टनची अक्कलदाढ काढली होती आणि तेव्हा कॅप्टन 'झालं पण?' असं विचारत उठले होते. त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी मी विमान उडवून तुमच्या पायाशी उतरवते. ओरखडा जरी उठला तरी रिमोट खाली ठेवीन, पुन्हा हात लावणार नाही. आणि उडवणार ते मागच्या पंख्याचं."

"मागच्या पंख्याचं आजवर या मैदानावर कोणी उडवलेलं नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

आता मागे हटण्याचा प्रश्नच नव्हता. बाईंनी मोटर काढून शेपटाच्या अगदी टोकाला बसवली. विमान जमिनीवर बसलं की पंखा घासत होता, म्हणून मोटर थोडी वर उचलली आणि चाकांचे पाय लांब केले. मग लक्षात आलं की सगळं वजन मागे गेलंय. दोन बोटांवर तोलून धरलं की विमान शेपूट खाली टाकून आकाशाकडे बघे. आता नाकात वजन भरणं आलं. खिळे भरले, कमी पडले. कुलूप घातलं, जास्त झालं आणि खडखडलं. बाई खोलीभर शोधत फिरल्या आणि त्यांची नजर फळीवर गेली. तिथे जुन्या पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे मांडून ठेवलेले होते. त्यातला एक खालचा जबडा विमानाच्या नाकात मापाने शिवल्यासारखा बसला. विमान बोटांवर आडवं, स्थिर राहिलं.

"कोणाचा आहे?" नानांनी विचारलं.

"वजन बरोबर आहे ना? मग झालं."

चाचणी मात्र घरातच घ्यावी लागली, कारण बाहेर वारा होता. दरवेळी करायच्या तसंच त्यांनी केलं. विमान जेवणाच्या टेबलाखाली खिडकीकडे तोंड करून ठेवलं, शेपटाला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. पंखा पुढे असताना यात काहीच वावगं नव्हतं. विमान पुढे ओढतं, सुतळी मागून धरते. सवय अशी की हात आपोआप चालले आणि डोक्याला विचारायचं राहून गेलं. पंखा आता सुतळीच्या शेजारीच होता.

बाईंनी रिमोटचा दांडा पुढे केला. पंख्याने पहिल्याच फेऱ्यात सुतळी पकडली, गुंडाळायला घेतली आणि ती संपल्यावर खाली लोंबणारा टेबलक्लॉथ धरला. टेबलक्लॉथवर सूनबाईचा लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये व्हिडिओ मीटिंगला बसलेलं तिचं अख्खं ऑफिस. लॅपटॉप शांतपणे टेबलाच्या कडेकडे निघाला. सूनबाई बोलता बोलता त्याच्या मागे सरकत गेली, तो कडेवरून घसरला तेव्हा तिने तो मांडीवर झेलला, पण तोवर ऑफिसला टेबलाखाली रांगणाऱ्या सासूचं दर्शन घडून चुकलं होतं.

"आई," मीटिंग संपल्यावर सूनबाई म्हणाली, "साहेब विचारत होते, घरी सगळं ठीक आहे ना."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सासूबाई विमान दुरुस्त करतायत. त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय." ती टेबलक्लॉथची भोकं बोटाने मोजायला लागली, मग तिने तो नाद सोडला. "आता रविवारी ते नीट उडवा म्हणजे झालं. नाहीतर हे सगळं फुकट गेलं."

बाईंना सुनेचं हे बोलणं फार आवडलं. सुतळी आणि चिंध्या चिमट्याने उपसताना मोटरच्या तिन्ही तारा निघाल्या होत्या. त्या जोडायचं काम नानांनी अंगावर घेतलं. तीन तारा, तीन जागा. कुठलीही कुठेही चपखल बसत होती, त्यामुळे नानांना शंका येण्याचं कारण नव्हतं.

रविवारी मैदानावर कॅप्टननी विमान दोन्ही हातांत उचलून उलटंपालटं केलं. अध्यक्षांनी तपासल्याशिवाय नवं विमान उडवायचं नाही, असा मंडळाचा नियम होता आणि तो त्यांनीच केलेला होता.

"नाकात काय भरलंय?"

"वजन."

कॅप्टननी नाकावरची चिकटपट्टी सोडवून आत बघितलं. मग त्यांची जीभ गालाच्या आतल्या बाजूला काहीतरी चाचपायला लागली. "हा वाकडा दात..."

"तुमचाच आहे," बाई म्हणाल्या.

नानांना अचानक खोकला आला आणि ते गाडीकडे पाणी प्यायला गेले.

"माझा जबडा मला न विचारता हवेत जाणार?"

"जबडा तुमच्या तोंडात आहे. हे प्लास्टर माझं आहे. विमान नियमात बसतं की नाही तेवढं सांगा."

नियमात जबड्याविषयी एक अक्षरही नव्हतं. कॅप्टननी चिकटपट्टी पुन्हा लावली, आणि जाताना नाकावरून एक हात फिरवून घेतला. मग ते सावलीतल्या खुर्चीत जाऊन बसले. मंडळीही बसली. बाईंनी विमान धावपट्टीवर ठेवलं, तोंड मोकळ्या मैदानाकडे, पाठ मंडळींकडे. हात स्थिर होते. त्यांनी दांडा पुढे केला.

विमान मागे निघालं.

बाईंना वाटलं, जोर कमी पडतोय. त्यांनी दांडा आणखी रेटला. विमान आणखी वेगाने मागे आलं, लांब पायांवर तुरुतुरु, थेट खुर्च्यांच्या रोखाने. मंडळी पांगली. कॅप्टन अध्यक्ष असल्यामुळे जागचे हलले नाहीत, फक्त त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. विमान खुर्चीच्या अगदी जवळून निघून गेलं आणि पाण्याच्या पिंपाला शेपूट टेकायच्या आत बाईंनी मोटर बंद केली.

"मागचा पंखा," कॅप्टन पाय खाली न सोडता म्हणाले, "म्हणजे मागे जाणारं विमान, हे आधी सांगायचंत."

सगळे हसले. बाईंचा चेहरा लाल झाला. एक क्षण त्यांना वाटलं, रिमोट इथेच गवतात ठेवावा आणि घरी जावं. पण मग ही मंडळी जन्मभर तेच सांगत बसली असती. त्यांनी विमान उचलून उघडलं, तारांकडे बघितलं आणि नानांकडे बघितलं.

"मला वाटलं, कशाही चालतात," नाना म्हणाले.

"चालतात. उलट्या चालतात."

बाईंनी तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, झाकण लावलं आणि कोणाचीही परवानगी न घेता विमान पुन्हा धावपट्टीवर ठेवलं. "बसा की सगळे," त्या मंडळींना म्हणाल्या. "उभे का?"

या खेपेला विमान पुढे गेलं. जोर दिल्याबरोबर त्याने नाक खाली घातलं, कारण उंच बसवलेला पंखा मागून रेटत होता. बाईंच्या बोटांना ते कळलं. त्यांनी जोर जरा आवरता घेतला, नाक हळूच वर उचललं, आणि विमान जमिनीवरून सुटलं. मैदानावर एक फेरी झाली, दुसरी झाली. पंखा मागे असल्यामुळे आवाजही वेगळाच येत होता. बाईंनी ते बोरीच्या त्याच झुडपावरून नेलं, मुद्दाम नेलं, आणि वळवून खाली आणलं. चाकं टेकली, विमान धावत आलं आणि कॅप्टनच्या बुटांपाशी थांबलं. ओरखडाही नव्हता.

"हात," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात कॅप्टनसमोर पसरून धरले. "बघून घ्या. थरथरतायत का?"

कॅप्टननी बघितलं. "नाही," ते म्हणाले. मग बुटांपाशी उभ्या विमानाकडे त्यांनी पुन्हा बघितलं. "डॉक्टरबाई, एक विचारू? मला एक फेरी मारू द्याल?"

बाईंनी रिमोट त्यांच्या हातात दिला. जिंकलेल्या माणसाला उदार होणं परवडतं. कॅप्टननी विमान झोकात वर नेलं, लहान मुलासारखे खुश झाले, आणि उतरवताना, जमीन जवळ आल्यावर, सवयीप्रमाणे त्यांनी एकदम जोर दिला. समोरच्या पंख्याचं विमान अशा वेळी सावरतं. या विमानाने नाक खाली घातलं आणि तसंच जमिनीत घुसलं. मैदानावर मोठा आवाज झाला.

कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला. मंडळी त्यांच्याकडे बघेना. ते रिमोट हातात धरून गवतातून निघाले, त्यांच्या मागे बाई, त्यांच्या मागे नाना. नाकाचा चुरा झाला होता, पंख फाटला होता, प्लास्टरची भुकटी पसरली होती.

"मी भरून देतो," कॅप्टन म्हणाले. "सगळं भरून देतो. माझी चूक. तुम्ही इतकं छान उतरवलं होतंत, आणि मी..."

बाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या गुडघ्यांवर बसून शेपूट चाचपत होत्या. त्यांनी पंख्याच्या एका पात्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या पात्यावरून. पंखा टिचकीने फिरवून बघितला. तो गरगर फिरला, कुठे अडला नाही.

"शाबूत," त्या म्हणाल्या. "अहो, बघितलंत? साफ शाबूत." आणि त्या उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की नाना चपापले. "मी उतरवलं त्यातून काय कळलं? काही नाही. चांगलं उतरलेल्या विमानाचा पंखा कुठलाही असला तरी टिकतो. माझं म्हणणं खरं करून दाखवलंत ते तुम्ही."

"मी?" कॅप्टन म्हणाले.

"पण एकदा पडून भागणार नाही. लोक योगायोग म्हणतील. मी आठवडाभरात नवं नाक बसवते. येत्या रविवारी पुन्हा पाडा. माझ्या हातून ते होणार नाही, माझा हात आता फार स्थिर झालाय."

कॅप्टननी मंडळींकडे बघितलं, मग मोडक्या विमानाकडे, मग बाईंकडे. त्यांनी रिमोट अजून सोडलेला नव्हता.

"किती उंचावरून?" त्यांनी हळूच विचारलं.